वेल्डिंग गॅसचा सिलिंडर कोणत्या साइजचा घ्यावा? नागपूरच्या वर्कशॉपवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

हिंगण्यात शेड भाड्याने घेऊन नवीन वर्कशॉप टाकणारी मुले, मानेवाडा-हुडकेश्वरकडे रेलिंगची कामे करणारे कारागीर, आयटीआयतून नुकतेच बाहेर पडलेले वेल्डर यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. मशीन घेताना लोक दहा दुकाने पालथी घालतात आणि सिलिंडर मात्र दुकानदार देईल तो उचलतात. पुढे महिन्याचा खर्च गॅसवरच जातो. म्हणून ही उत्तरे सविस्तर लिहिली आहेत.

मला मुळात गॅस सिलिंडरची गरज आहे का?

आधी हेच विचारा. लोखंडी गेट, ग्रील, शेडचे ट्रस, कूलरचे स्टँड एवढेच काम असेल तर साधे रॉडचे वेल्डिंग पुरते. रॉडवरचा लेप, म्हणजे फ्लक्स, जळून स्वतःच जोडाला हवेपासून वाचवणारे गॅसचे आवरण तयार करतो, वेगळा गॅस लागत नाही. उघड्यावर, वाऱ्यात, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर काम असेल तर रॉडच बरा.

स्टेनलेस स्टीलचे रेलिंग, पातळ पाइप किंवा ॲल्युमिनियम आले की टिग मशीन, ज्यात टंगस्टनच्या टोकावर विजेची ठिणगी म्हणजे आर्क पेटतो, आणि आर्गन लागतो. दिवसभर एकसारखे लोखंडी काम असेल, वेग हवा असेल तर मिग, ज्यात वेल्डिंगची तार आपोआप पुढे येते, आणि त्यासोबत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) किंवा आर्गन-सीओटूचे मिश्रण. कापणे, गरम करून वाकवणे, ब्रेझिंग (दुसरा धातू वितळवून जोड भरणे) यासाठी ऑक्सिजन आणि सोबत डीए, म्हणजे ॲसिटिलीन, किंवा एलपीजी. काम ठरले की गॅस ठरतो, आणि गॅस ठरल्यावरच साइजचा विचार करता येतो. उलट्या क्रमाने गेलात तर पैसे अडकतात.

बाजारात कोणत्या साइज मिळतात?

आर्गन आणि ऑक्सिजनसाठी सगळीकडे चालणारा सिलिंडर म्हणजे 46-47 लिटर पाण्याच्या क्षमतेचा. व्यापारी त्याला 7 क्यूबिकचा म्हणतात, कारण 150 किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 150 किलो) दाबाला त्यात साधारण 7 घनमीटर गॅस मावतो. छोट्यांत 10 लिटरचा, म्हणजे दीड क्यूबिकचा, बऱ्यापैकी चालतो. सीओटू किलोवर विकला जातो. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण 30 किलो बसतो. एलपीजीचा व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा, आणि मोठ्या वापरासाठी 47.5 किलोचा. डीएच्या मोठ्या सिलिंडरात साधारण 6 घनमीटरच्या आसपास गॅस असतो, पण त्याचे गणित निराळे आहे, ते खाली दिले आहे.

वजनाचाही अंदाज ठेवा. 7 क्यूबिकचा लोखंडी सिलिंडर रिकामाच 50 ते 60 किलो भरतो. आर्गन भरल्यावर त्यात आणखी 12 किलोच्या आसपास वाढ होते.

एक सिलिंडर किती तास चालेल हे कसे काढायचे?

हा प्रश्न नीट समजला तर बाकीचे अर्धे प्रश्न उरत नाहीत.

सिलिंडरच्या मानेवर पाण्याची क्षमता लिटरमध्ये कोरलेली असते. तिला दाबाने गुणा. 47 गुणिले 150 म्हणजे 7050 लिटर. 10 गुणिले 150 म्हणजे 1500 लिटर. आता फ्लोमीटरवर किती लिटर प्रति मिनिट ठेवता त्याने भागा. टिगला साधारण 6 ते 10 लिटर लागतात, मिगला 12 ते 15.

समजा तुम्ही एसएस रेलिंग बनवता आणि फ्लो 8 वर ठेवता. मोठा सिलिंडर 7000 भागिले 8, म्हणजे 875 मिनिटे, जवळपास साडेचौदा तास. छोटा 1500 भागिले 8, म्हणजे तीन तासांच्या थोडे वर.

हे तास दुकान उघडे असण्याचे नव्हेत, आर्क पेटलेला असण्याचे आहेत. मोजमाप, कापणे, ग्राइंडिंग, जोडणी, चहा, ग्राहकाचा फोन हे सगळे वजा केले की आठ तासांच्या दिवसात हाताने टिग करणाऱ्याचा आर्क दोन तासही पेटलेला राहत नाही. त्या हिशेबाने मोठा सिलिंडर सात-आठ कामाचे दिवस निघतो आणि छोटा दीड दिवसात बसतो. माझा सल्ला असा की अंदाज करण्याऐवजी एक दिवस मोबाइलवर वेळ लावून पाहा. आपण किती कमी वेळ खरोखर वेल्ड करतो हे पाहून बहुतेकांना नवल वाटते.

यात दोन गळत्या धरायला विसरू नका. पहिली म्हणजे पोस्ट-फ्लो. आर्क विझल्यावरही टंगस्टन आणि जोड थंड होईपर्यंत गॅस वाहत राहतो. 8 लिटरच्या फ्लोला 8 सेकंद म्हणजे एका टाक्याला साधारण एक लिटर. रेलिंगच्या कामात दिवसाला 200 टाके सहज पडतात, म्हणजे 200 लिटर नुसते टाके मारल्यानंतरच्या वाहण्यात गेले. मोठ्या सिलिंडरला ते जाणवत नाही, पण 1500 लिटरच्या छोट्यातून आठवा हिस्सा उडतो. याचा अर्थ पोस्ट-फ्लो बंद करा असा नाही. तो काढला तर टंगस्टन काळा पडतो आणि जोडही.

दुसरी गळती नळीच्या जोडांची. मिनिटाला एक लिटर गळत असेल तर कानाला ऐकूही येत नाही. रात्रीचे बारा तास वॉल्व्ह उघडा राहिला तर 720 लिटर गेले. छोट्या सिलिंडरचा जवळजवळ अर्धा गॅस सकाळपर्यंत गायब. संध्याकाळी रेग्युलेटर नव्हे, सिलिंडरचाच वॉल्व्ह बंद करा, आणि नवीन सिलिंडर लावला की प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघा.

एसएस पाइपलाइनचे काम घेत असाल, दुधाच्या किंवा संत्र्याच्या रसाच्या प्लांटचे, तर पाइपच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो. तिथे वरचा हिशेब सरळ दुप्पट धरा, आणि लांब पाइप असेल तर त्याहून जास्त, कारण आतली हवा बाहेर काढण्यातच बराच गॅस जातो.

मग छोटा सिलिंडर घ्यायचाच नाही का?

घ्यायचा, पण कारण पाहून. तयार फ्लॅटमध्ये रेलिंग बसवायला जाताना, जिन्यावरून एकट्याने न्यायचे असताना, महिन्यातून चार-सहा जोड मारायचे असताना 10 लिटरचा सिलिंडर सोन्यासारखा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत 65-70 किलोचा सिलिंडर चौथ्या मजल्यावर चढवणे हा पाठीचाही प्रश्न आहे आणि जिवाचाही.

पण रोजच्या कामाला छोटा घेतला तर तो स्वस्त पडत नाही. भरणावळीत गॅसची किंमत हा एक भाग असतो. प्लांटपर्यंत जाणे-येणे, गाडी, भरण्याची मजुरी हे छोट्याला आणि मोठ्याला जवळपास सारखेच पडते. म्हणून दर लिटरमागे छोटा नेहमी महाग. शिवाय काम ऐन रंगात असताना गॅस संपला की हेल्परसकट सगळे बसून राहतात. त्या बसून राहण्याची किंमत कुणी बिलात लिहीत नाही.

वर्कशॉपमध्ये मोठा आणि साइटसाठी एक छोटा, ही जोडी रेलिंगवाल्यांना सर्वांत सोयीची पडते असे माझे मत आहे.

मिगसाठी सीओटू घ्यावा की मिश्रण? साइज तीच, मग एक जास्त दिवस का चालतो?

कारण आर्गन सिलिंडरात वायुरूपातच दाबलेला असतो आणि सीओटू द्रवरूपात. एक किलो सीओटूचा साधारण 540 लिटर गॅस होतो. 30 किलोचे 16,000 लिटरच्या पुढे गेले. 15 लिटरच्या फ्लोला तो 18 तास चालेल. तेवढ्याच उंचीचा आर्गन-सीओटू मिश्रणाचा सिलिंडर 7000 लिटरचा, म्हणजे पावणेआठ तासांचा. मिश्रणाने शिंतोडे कमी उडतात, मणी, म्हणजे जोडावरची धातूची रेघ, गुळगुळीत येतो, नंतरचे ग्राइंडिंग वाचते. जाड लोखंडाच्या कामाला, जिथे रंगाखाली सगळे झाकले जाते, सीओटू पुरेसा आहे. दिसणाऱ्या कामाला मिश्रण घ्या.

सीओटूबद्दल आणखी एक गोष्ट, आणि नागपुरात ती फार महत्त्वाची आहे. काट्यावरचा दाब पाहून किती गॅस उरला ते कळत नाही. सिलिंडरात थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो. 20 अंशांना तो साधारण 57 बार (एक बार म्हणजे जवळपास एक किलो दाब) असतो, भरलेला असो की अर्धा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी काटा खाली दिसतो म्हणून सिलिंडर कमी भरला असे समजून दुकानदाराशी भांडू नका. आणि 31 अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही. म्हणजे आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दुपारी सिलिंडरात द्रव नसतो आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच सीओटूचा सिलिंडर गच्च भरत नाहीत, क्षमतेच्या ठरावीक भागाइतकाच भरतात. 30 किलोच्या सिलिंडरात 33-34 किलो भरून देतो म्हणणाऱ्याचे ऐकू नका. मेच्या उन्हात अशा सिलिंडरची सुरक्षा चकती फुटते आणि सगळा गॅस निघून जातो. बंद खोलीत तसे झाले तर माणसाचा जीव जाऊ शकतो.

मग किती उरला ते कसे कळणार? वजनकाट्यावर ठेवा. मानेवर रिकामे वजन कोरलेले असते, ते वजा करा. भरून आलेला सिलिंडर घेतानाही हेच करा, दुकानदारासमोर. प्रामाणिक दुकानदाराला त्याचा राग येत नाही.

सतत जास्त फ्लोने सीओटू ओढला की रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि फ्लो अडखळतो. त्यासाठी हीटर असलेला रेग्युलेटर मिळतो, तो घ्या. बर्फ वितळवायला टॉर्चची ज्योत लावणारे लोक आहेत. तसे कधीच करू नका, कोमट पाण्याचे फडके पुरते.

उन्हाळ्यात आर्गन लवकर का संपतो?

गॅस तेवढाच असतो. संपवतो तो कूलर. 45 अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये कूलरशिवाय उभे राहता येत नाही हे खरे, पण कूलरची थेट हवा टॉर्चवर आली की आर्गनचे आवरण उडून जाते, जोडाला छिद्रे पडतात, आणि मग माणूस फ्लो 8 वरून 15-20 वर नेतो. तेवढ्या फ्लोला टॉर्चच्या टोकाच्या कपमधून गॅस घुसळत बाहेर येतो आणि उलट आजूबाजूची हवा आत ओढतो. जोड आणखी बिघडतो, सिलिंडर निम्म्या दिवसांत संपतो.

कूलरचे तोंड भिंतीकडे वळवा किंवा टेबलाच्या बाजूला प्लायचा आडोसा उभा करा. टॉर्चला गॅस लेन्स, म्हणजे गॅस सरळ सोडणारी जाळी, लावली तर कमी फ्लोतही आवरण टिकते. एवढे केले की मोठ्यापेक्षा मोठा सिलिंडर शोधत फिरावे लागत नाही.

काट्याचेही असेच. सकाळी 150 दाखवणारा आर्गनचा काटा मेमधल्या दुपारी 160 च्या पुढे जातो. गॅस वाढलेला नसतो. सिलिंडर घेताना दाब तपासायचा तर सकाळी, सावलीत तपासा.

डीएचा छोटा सिलिंडर परवडतो. तो घेऊ का?

इथे थांबा. बाकी गॅसमध्ये साइज म्हणजे किती वेळ पुरेल एवढाच प्रश्न असतो. डीएमध्ये साइजवरून ठरते की तुम्ही कोणते नोझल लावू शकता.

ॲसिटिलीन नुसता दाबून भरता येत नाही, तो फुटतो. म्हणून डीएच्या सिलिंडरात सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेले असते आणि त्यात गॅस विरघळवलेला असतो. नावातच ते आहे, डिझॉल्व्हड ॲसिटिलीन. ॲसिटोनमधून गॅस आपल्या गतीनेच सुटतो. फार जोरात ओढला तर गॅसबरोबर ॲसिटोनही बाहेर येते, ज्योत थुंकायला लागते, नळ्या आणि रेग्युलेटर खराब होतात, सिलिंडरही. म्हणून जुना नियम आहे की सिलिंडरात जेवढा गॅस आहे त्याच्या सातव्या हिश्श्यापेक्षा जास्त एका तासात काढू नये.

6 घनमीटरच्या मोठ्या सिलिंडरातून ताशी 850 लिटरपर्यंत. एक घनमीटरच्या छोट्यातून ताशी फार तर 140 लिटर. पातळ पत्र्याच्या वेल्डिंगचे बारीक नोझल एवढ्यात चालते. पण ट्रॅक्टरचा नांगर, ट्रकचा चेसिस, जाड प्लेट लालभडक करायचे मोठे हीटिंग नोझल ताशी हजार लिटरच्याही पुढे मागते. तिथे छोटा चालणारच नाही आणि एक मोठाही कमी पडतो. दोन-तीन मोठे मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडर एकत्र करणाऱ्या पाइपला, जोडावे लागतात. वाडी आणि कळमन्याकडे ट्रकच्या बॉडीचे काम करणाऱ्यांनी हे आधी बघावे. फक्त गरम करण्याचे काम असेल तर एलपीजी जास्त सोयीचा, कारण त्याला हे बंधन इतके कडक नाही.

डीए कायम उभाच वापरा. आडवा करून आणला असेल तर उभा करून काही तास ठेवा, मगच उघडा. टॉर्चकडचा दाब एक किलोच्या वर नेऊ नका. आणि तुटलेल्या जोडाच्या जागी तांब्याची नळी कधी घालू नका, ॲसिटिलीन तांब्याशी मिळून स्फोटक पदार्थ तयार करतो.

कटिंगसाठी ऑक्सिजन आणि एलपीजी किती-किती लागेल?

ऑक्सिजन नेहमी आधी संपतो. एलपीजीला पूर्ण जळायला डीएपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन लागतो, शिवाय लोखंड कापणारी धार तर निव्वळ ऑक्सिजनचीच असते. 19 किलोचा एक एलपीजी संपेपर्यंत ऑक्सिजनचे मोठे चार-पाच सिलिंडर, बहुधा जास्तच, संपलेले असतात. म्हणून कटिंगवाल्याने छोटा ऑक्सिजन घेण्यात अर्थ नाही. एक एलपीजी आणि ऑक्सिजनचे किमान दोन मोठे, यापासून सुरुवात करा.

2021 च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे मोजके उद्योग सोडून बाकी सगळ्या उद्योगांचा ऑक्सिजन सरकारने रुग्णालयांकडे वळवला. ते योग्यच होते. पण तेव्हा गॅस कटिंगशिवाय ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता त्यांची कामे ठप्प झाली. रोजची कटिंग पातळ प्लेटची असेल तर प्लाझ्मा कटरचा विचार करून ठेवा. त्याला हवेचा कॉम्प्रेसर पुरतो.

घरचा लाल सिलिंडर कटिंगला लावला तर?

नाही. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे बेकायदेशीर आहे, जप्त होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. अपघात झाला तर विम्याचा दावा मांडायला तोंड राहत नाही.

मी एसी मेकॅनिक आहे. तांब्याच्या ब्रेझिंगसाठी काय घेऊ?

तुमच्यासाठी छोटाच योग्य. 10 लिटरचा किंवा त्याहून लहान ऑक्सिजन आणि 5 किलोचा खुल्या विक्रीचा एलपीजी, ओळखपत्र दाखवून मिळतो तो. तांब्याच्या बारीक नळ्यांना गॅस फारच कमी लागतो. सोबत छोटा नायट्रोजन ठेवा. ब्रेझिंग करताना नळीतून हलका नायट्रोजन सोडला तर आत काळी खपली धरत नाही, आणि गळती तपासायलाही तोच वापरायचा. गळती तपासायला ऑक्सिजन भरणारे लोक आहेत. कॉम्प्रेसरच्या तेलाला दाबाखालचा ऑक्सिजन लागला की स्फोट होतो, यात माणसे मेली आहेत. ऑक्सिजनच्या वॉल्व्हला तेलाचा हातसुद्धा लागू देऊ नका.

विकत घ्यावा की डिपॉझिटवर?

पहिले सहा महिने डिपॉझिटवर घ्या. आपला खप खरेच किती आहे ते तोवर कळते, आणि साइज चुकली तर बदलता येते. सिलिंडरची चाचणी, वॉल्व्हची दुरुस्ती ही पुरवठादाराची जबाबदारी राहते. मात्र पावतीवर सिलिंडरचा नंबर, डिपॉझिटची रक्कम आणि किती दिवसांनंतर भाडे सुरू होते हे लिहून घ्या. सिलिंडर कोपऱ्यात पडून राहिला आणि भाडे चढत गेले, ही तक्रार नेहमीची आहे.

महिन्याला तीन-चार मोठे सिलिंडर नियमित लागत असतील तर स्वतःचे घेणे परवडते. स्वतःचा सिलिंडर भरायला दिला की दोन पद्धती असतात, एक तर तुमचाच भरून परत मिळतो, नाहीतर बदलीत दुसरा मिळतो. बदलीत नवा देऊन जुना, चाचणीला आलेला सिलिंडर गळ्यात पडू शकतो. कोणती पद्धत ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

जुना सिलिंडर स्वस्तात मिळतोय. काय पाहू?

मान पाहा. खांद्यापाशी गोल फिरून जे आकडे ठोकलेले असतात ते म्हणजे सिलिंडरची कुंडली. रंग खरवडावा लागला तर चिंधी आणि थिनर घेऊन बसा, पण वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. बनवणाऱ्याचे चिन्ह आणि अनुक्रमांक, आयएस 7285 हे मानक, गॅसचे नाव, रिकामे वजन, पाण्याची क्षमता, कामाचा दाब, चाचणीचा दाब, आणि शेवटी चाचणीची तारीख. दर वेळी चाचणी झाली की नवी तारीख ठोकली जाते. अशा लोखंडी सिलिंडरची दाबाची चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते. मुदत उलटलेला सिलिंडर कोणताही नियमाने चालणारा प्लांट भरून देत नाही. म्हणजे तुमच्या हातात भंगार येते.

नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा विक्रीच्या कागदाशी न जुळणारा असेल तर तिथून निघा, तो चोरीचा किंवा भाड्याने नेऊन विकलेला असू शकतो. भंगार बाजारात असे सिलिंडर दिसतात. खोल खड्डा, आर्क लागल्याचा डाग, गंजून पापुद्रे सुटलेला तळ हीही नकाराची कारणे.

रंगही बघा: आर्गन निळा, उद्योगाचा ऑक्सिजन काळा, ॲसिटिलीन तपकिरी-लाल म्हणजे मरून. पण रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नका, रंग कुणीही मारू शकतो. एका गॅसचा सिलिंडर दुसऱ्या गॅससाठी वापरायचा तर परवानगी लागते. वॉल्व्हचे आटे हा चांगला पुरावा असतो, ऑक्सिजनचे उजवे आणि जळणाऱ्या गॅसचे डावे. रेग्युलेटर बसत नसेल तर ॲडाप्टर शोधू नका, गॅस कोणता ते शोधा.

मोठ्या सिलिंडरातून छोट्यात घरच्या घरी भरता येईल का?

नाही. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि ऑक्सिजन झपाट्याने भरताना इतका तापतो की वॉल्व्हमधला तेलाचा अंश पेट घेतो. नळी विकणारे भेटतील, घेऊ नका.

सिलिंडर ठेवायला परवाना लागतो का?

गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे ठरावीक साठ्यापर्यंत वेगळा परवाना लागत नाही. एलपीजीसाठी ती मर्यादा 100 किलो आहे, म्हणजे 19 किलोचे पाचच. लहान वर्कशॉप सहसा मर्यादेच्या आतच असते. साठा वाढवायचा विचार असेल तर नागपूरकरांना फार लांब जावे लागत नाही. 1898 मध्ये स्थापन झालेल्या आणि आता पेसो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्फोटके विभागाचे देशाचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवरच आहे. कोणते नियम लागू आहेत ते तिथून किंवा त्यांच्या संकेतस्थळावरून पक्के करून घ्या.

ऑक्सिजन आणि जळणारा गॅस शेजारी-शेजारी साठवू नका. मध्ये सहा मीटर अंतर किंवा पक्की भिंत हवी. सगळे सिलिंडर साखळीने भिंतीला किंवा ट्रॉलीला बांधलेले असावेत. तळघरात आर्गन आणि सीओटू ठेवू नका. दोन्ही हवेपेक्षा जड आहेत, खाली साचतात, आणि आर्गनला वासही नसतो.

बाइकवर नेता येईल का?

नको. ऑटोच्या मागच्या सीटवरही नको, बंद कारच्या डिकीत तर मुळीच नको. उघडा टेम्पो, रेग्युलेटर काढलेला, वॉल्व्हवर टोपी, सिलिंडर बांधलेला. वॉल्व्ह तुटला तर 150 किलोच्या दाबाचा सिलिंडर भिंत फोडून जातो. बहुतेक पुरवठादार हिंगणा आणि बुटीबोरीच्या फेरीत पोहोचवून देतात. ती फेरी आठवड्यात कोणत्या वारी आहे ते विचारा, कारण साइज ठरवताना तेही मोजायचे असते. गाडी आठवड्यातून एकदाच येत असेल तर सिलिंडर किमान आठ-नऊ दिवस पुरला पाहिजे.

स्पेअर ठेवावा का?

रोजच्या कामाच्या गॅसचा एक भरलेला ठेवाच. एक मोठा लावलेला आणि एक मोठा भरलेला हे दोन प्रचंड साठ्यापेक्षा बरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कूलरचा हंगाम चढतो, तेव्हा पत्र्याची कामे एकदम येतात आणि पुरवठादाराकडेही गर्दी होते. त्या हंगामासाठी डिपॉझिटवर एक जास्तीचा उचला आणि पावसाळ्यात परत करा.

सिलिंडर पूर्ण रिकामा होईपर्यंत वापरावा का?

नाही. काटा चार-पाच किलोवर आला की थांबा आणि वॉल्व्ह बंद करा. आत थोडा दाब राहिला तर बाहेरची दमट हवा शिरत नाही. पार रिकामा करून वॉल्व्ह उघडा ठेवला, विशेषतः पावसाळ्यात, तर ओलावा आत जातो आणि पुढच्या भरणीच्या आर्गनने ॲल्युमिनियमला छिद्रे पडतात. परत देताना खडूने सिलिंडरवर "रिकामा" लिहा, टोपी लावा, आणि पावतीवरच्या नंबराशी नंबर जुळवूनच गाडीत चढवा.